डिलाईल रोडवरची गावकी

आमच्या गावाचा निम्मा कारभार मुंबईत, डिलाईल रोडवरच्या एका खोलीतून चालायचा. गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यात डोंगराला टेकलेलं. शाळेवर कौलं घालायची असोत, देवळाचा गाभारा दुरुस्त करायचा असो, कुणाच्या लेकीचं लग्न पैशावाचून अडलेलं असो की कुणाला छातीचा फोटो काढायला मुंबईला न्यायचं असो, शेवटचा शब्द पडायचा तो त्या दहा बाय बाराच्या खोलीत, रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. तिला सगळे ‘गावची खोली’ म्हणत. माझे आजोबा, ज्यांना घरात आणि गावात सगळेच तात्या म्हणायचे, १९३६ साली मिसरूड फुटायच्या आत या खोलीत आले आणि गिरणी सुटेपर्यंत तिच्याशी बांधलेले राहिले. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांच्या तोंडचं आहे, काही माझ्या चुलत आजीच्या तोंडचं आणि काही त्या खोलीच्या वह्यांतलं.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास सांगायचा म्हटलं की तो कावसजी दावर यांच्यापासून सुरू होतो. १८५४ साली त्यांनी कंपनी काढली, दोन वर्षांनी ताडदेवला सूत निघू लागलं. मालकांची नावं त्यात येतात, संप येतात, पुढारी येतात. पण डोंगरातून आलेल्या पोराला पहिल्या रात्री निजायला जागा कुणी दिली, काम लागेपर्यंत त्याला कुणी जेवू घातलं, तो आजारी पडल्यावर केस पेपर काढायला कोण रांगेत उभा राहिला, हे त्यात क्वचितच येतं. माझं मत असं की गिरण्या भांडवलावर उभ्या राहिल्या असतील, गिरणगाव मात्र गावोगावच्या मंडळांच्या वर्गणीवर उभं राहिलं. साताऱ्याची, रत्नागिरीची, कोल्हापूरची, जुन्नरची अशी किती गावं आपापली खोली राखून होती. तिकडे धोबीतलावाला गोव्याच्या बोटीवरच्या लोकांच्या ‘कूडी’ होत्या. त्याही गावागावाच्या, भिंतीशी देव्हारा असायचा आणि संध्याकाळच्या रोझरीला हजर राहावंच लागायचं. धर्म वेगळा, बोली वेगळी, पण व्यवस्था आमच्याच खोलीची.

तात्या गावातून कऱ्हाडपर्यंत पायी आले, तिथून पुण्यापर्यंत लहान रुळाची गाडी, पुण्यात मोठ्या रुळाची. सोबत एक वळकटी आणि एका चिठ्ठीवर पत्ता. खोलीत तेव्हा तीसेक गडी होते. एवढी माणसं मावायची ती पाळ्यांच्या कृपेने. एक पाळी कामावर, एक झोपेत, एक खानावळीत किंवा नाक्यावर. उन्हाळ्यात तर निम्मे लोक फुटपाथवरच पथारी टाकत. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक भिंतीला लावलेल्या फळीवर, आणि ट्रंकेएवढी भिंत ज्याची त्याची. नव्या माणसाकडून भाडं मागायचं नाही, हा पहिला नियम. तो ‘लागला’ की मागचं फेडील. लागायचं म्हणजे आधी बदलीत उभं राहायचं: भोंगा व्हायच्या आत गिरणीच्या दारात, माणसं घेणाऱ्या जॉबरच्या नजरेत येईल असं. कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर परत खोलीवर. तात्यांना कायम व्हायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांचा त्यांच्या नावावरचा आकडा वहीत आहे, आणि त्याखाली, पुढच्या तीन वर्षांत फिटत गेलेल्या रकमा.

ही वही म्हणजे लाल कापडी पाठीची, लांबोडकी चोपडी. खोलीभाडं, दिवाबत्ती, देवाची वर्गणी, मयत फंड, भांड्यांचं भाडं असे रकाने. भांडी म्हणजे मंडळाची स्वतःची. मोठी पातेली, पराती, पाण्याचे हंडे. प्रत्येकावर मंडळाचं नाव कोरलेलं. चाळीत कुणाकडे लग्न असो वा तेरावं, ती भांडी जायची आणि मोजून परत यायची. माझ्या आईच्या लग्नातला भात याच पातेल्यांत शिजला. त्यातलं एक पातेलं आजही माझ्या चुलतभावाकडे आहे, आणि त्याच्या काठावरची अक्षरं घासून घासून बोटाला नुसती जाणवतात, दिसत नाहीत.

वर्षातून एकदा हिशेब वाचायचा, आणि महिन्याच्या सभेत जमाखर्च. वाचायचा म्हणजे मोठ्याने, सगळ्यांची नावं घेऊन, कुणाची किती बाकी आहे ते चारचौघांत. मला हे लहानपणी फार कठोर वाटायचं. तात्या म्हणायचे, “आरं, चारचौघांत वाचलं म्हंजी कुनी कुनाच्या उपकाराखाली ऱ्हात न्हाय. ज्यानं दिलं त्याचंबी नाव, ज्यानं घेतलं त्याचंबी नाव, आन् पुढल्या वर्साला नावं उलटी व्हत्यात.” वह्या चाळताना त्यांचं म्हणणं अक्षरशः दिसतं. ज्याच्या नावावर एका साली बापाच्या आजारपणासाठी वीस रुपये उचल आहे, त्याच्याच नावावर चार सालांनी शाळेच्या कौलांसाठी पंचवीस रुपये जमा आहेत.

या रविवारच्या सभेमागेही एक इतिहास आहे. गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी आपोआप मिळाली नाही. सत्यशोधक चळवळीतून आलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या प्रयत्नांना १० जून १८९० पासून रविवारच्या सुट्टीचं फळ आलं. तो रविवार मिळाला नसता तर गावकीची सभा भरली कधी असती? सातही दिवस साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला मंडळ कसलं नि वर्गणी कसली. आमच्या मंडळाच्या भिंतीवर लोखंड्यांचा फोटो असायला हवा होता. तिथे फोटो होते ते ग्रामदैवताचा आणि शिवाजी महाराजांचा.

मंडळ कशाला लागतं ते पठाण शिकवायचा. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी टेकून उभा असलेला सावकार तात्यांच्या पिढीने पाहिलेला. दरमहा रुपयाला आणा व्याज. वर्ष झालं की रुपयावर बारा आणे नुसतं व्याजाचंच. मंडळाच्या फंडातून बिनव्याजी उचल मिळायची, पण तिला जामीन लागायचे दोन, आणि दोघंही खोलीतलेच. पठाणाचं देणं असलेल्या माणसाला आधी ते फेडायला पैसे द्यायचे आणि मग त्याने मंडळाचं फेडायचं, असा ठराव एका वहीत आहे. त्याखाली अंगठेच अंगठे. सह्या पाच-सहा.

त्या सह्यांपैकी एक तात्यांची. ते गावाहून आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगार वस्तीत रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालयं असं तिचं काम चालायचं. तात्या लीगच्या रात्रशाळेत शिकले. खोलीत लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणजे सगळ्यांचं टपाल खातं. पत्रं तोच वाचायचा, उत्तरं तोच लिहायचा, मनीऑर्डरचे फॉर्म तोच भरायचा आणि फॉर्मच्या खालच्या चिंचोळ्या जागेत ‘पैसे मिळताच कळविणे, म्हशीची काळजी घेणे’ हेही तोच बसवायचा. डिलाईल रोडला पुढे जोशींचंच नाव दिलं गेलं. ना. म. जोशी मार्ग म्हटलं तर मात्र तात्या क्षणभर थबकत आणि मग, “हां, आपल्या मास्तरांचा रस्ता,” म्हणत.

खोलीच्या बाहेर, जिन्याच्या तोंडाशी, एक फळा होता. खडूने लिहिणं तात्यांकडे. आज सभा आहे. अमुक दिवशी गावाला जाणारा माणूस आहे, सामान द्यायचं असेल त्याने आदल्या रात्री आणून द्यावं. अमक्याच्या वडिलांना केईएममध्ये ठेवलं आहे, रात्रपाळी नसलेल्यांनी जाऊन बसावं. अमुक गिरणीत साचाखात्यात बदली घेतायत. तमक्याची आई वारली, मयत फंडाचे दोन रुपये रविवारपर्यंत. फळ्यावर नुसती बातमी लिहायची नाही, अशी पद्धत होती. खाली कुणी काय करायचं तेही लिहायचं. बातमी वाचून माणूस जिना चढला, की त्याच्या डोक्यात पुढचं काम ठरलेलं असायचं. आजच्या कुठल्याही संस्थेने ही एवढी एकच रीत उचलली तरी पुष्कळ होईल, असं मला मनापासून वाटतं.

या फळ्याची खरी परीक्षा झाली ती ११ डिसेंबर १९६७ ला. सोमवार होता. पहाटे चारच्या पुढे मांडणीवरचे जर्मनचे डबे वाजले आणि पहिल्या पाळीची माणसं दचकून उठली. मुंबईला भूकंपाचा नुसता हादरा होता. सकाळ उजाडली तशी बातमी आली की कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पाठोपाठ अफवा आली की कोयनेचं धरण फुटलं. खोऱ्यातल्या गावांचे हजारो लोक मुंबईत. गिरण्यांत, गोदीत, भाजीबाजारात, लोहार चाळीत पाट्या उचलणारे. तात्या सांगायचे की त्या दिवशी रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना फक्त गाव विचारत होती.

मंडळाने दोन कामं केली. पहिलं, चार तरुण त्याच दिवशी गाडीला बसवले. त्यांच्याबरोबर काय दिलं त्याची यादी वहीत आहे: घोंगड्या, ताडपत्र्या, कंदील, रॉकेलचा डबा, चहा, साखर, खिळे पाच शेर, सुतळी. खिळे आणि सुतळी कशाला, असं मी विचारलं होतं. तात्यांचं उत्तर सुताराचं होतं. आमच्याकडची घरं दगडमातीची. भिंत कोसळते, पण आढं, वासे, रिपा शाबूत राहतात. खिळे नि सुतळी असली की त्याच लाकडाचा दुसऱ्या दिवशी मांडव उभा राहतो, आणि डिसेंबरच्या थंडीत पोराबाळांच्या डोक्यावर काहीतरी येतं. शहरातून मदत पाठवताना गावातली भिंत कशी पडते हे ठाऊक असणारा माणूस लागतो. तो मंडळात होता.

दुसरं काम फळ्याचं. तात्यांनी गावातली सगळी घरं वाडीवार फळ्यावर लिहून काढली. कऱ्हाडहून, पाटणहून, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाकडून, ट्रकवाल्याकडून जो निरोप येईल तो त्या घरापुढे लिहायचा. ‘सुखरूप.’ ‘घर पडले, माणसे सुखरूप.’ ‘म्हातारी जखमी, कऱ्हाडला नेली.’ एका घरापुढे फक्त नाव आणि ‘गेले’. सर्वांत वर मोठ्या अक्षरात ‘धरण शाबूत आहे’. रात्रंदिवस एक माणूस खोलीत थांबायचा, कारण निरोप कधी येईल सांगता येत नव्हतं. तात्यांच्या स्वतःच्या घरापुढची जागा तिसऱ्या दिवसापर्यंत कोरी होती. त्या तीन दिवसांत त्यांनी शंभरेक नावांपुढे खडू चालवला आणि आपल्या नावापुढे रिकामी जागा पाहत राहिले. मग निरोप आला: उत्तरेची भिंत पडली, म्हैस दाबली, माणसं बाहेर. दुसऱ्या गावांची माणसंही येऊन फळा वाचू लागली, तेव्हा चाळीच्या कठड्याला पुठ्ठे बांधून शेजारच्या गावांच्या याद्या लावल्या. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. सरकारी मदत आली, मोठ्या संस्था आल्या, ते सगळं नोंदलेलं आहे. ते पुठ्ठे कुणीही नोंदलेले नाहीत.

आता एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. मुंबईत आमच्या गावाच्या खोल्या दोन होत्या. डिलाईल रोडची, आणि नायगावच्या बीडीडी चाळीतली. पहिलीत वरच्या आळीची माणसं, दुसरीत आजच्या बौद्धवाडीतली. गावातली वेस मुंबईत येऊनही मोडली नव्हती. गिरणीतही ती होती. धोट्यात दोरा ओढायला तोंड लावावं लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचाखात्यात, म्हणजे विणकामाला, जिथे पगार जास्त, तिथे घेतच नसत. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. तरी तात्या लागले तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं.

भूकंपाच्या वेळी फळ्यावर वाडीवार यादी लिहिली गेली, तेव्हा तीत बौद्धवाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी नायगावहून तिघं आले, फळ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “आमची घरं न्हाईत व्हय गावात?” तात्यांनी काही न बोलता शेवटचा रकाना पुसून जागा केली आणि ते सांगतील तशी नावं लिहिली. पुढच्या आठवड्याचा ट्रक दोन्ही मंडळांचा मिळून गेला. वहीत एकाच पानावर दोन्हींची वर्गणी आहे. अशी पानं एकंदर तीन. चौथ्यापासून पुन्हा हिशेब वेगळे. तात्या हे सांगताना काही झाकत नसत, आणि मीही झाकणार नाही.

वह्यांत नसलेलं दुसरं माणूस म्हणजे बाई. विधवांची नावं ‘अमक्याची मंडळी’ अशी मयत फंडाखाली येतात, बस. पण ज्या जेवणावर ही माणसं जगली ते आक्काच्या हातचं. आक्का म्हणजे तात्यांची चुलत भावजय, माझी चुलत आजी. नवरा क्षयाने गेला आणि तिने खोलीतच खानावळ घातली. पंचवीसेक गडी, दोन वेळा. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलायची, म्हणजे तिची चूल विझायचीच नाही. खाडे मोजून पैसे कापायचे. तिला लिहिता येत नव्हतं, तर दाराआड प्रत्येकाच्या नावाची खूण आणि पुढे कोळशाच्या रेघा. कुणाची खूण टोपी, कुणाची चिलीम. संप झाला की पैसे थांबत, जेवण थांबत नसे. ती वाण्याकडून उधार आणायची, आणि वाणी थांबला की तिच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ गहाण पडायची. सत्तरच्या दशकातल्या एका संपात ती माळ सुटलीच नाही.

अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेल्या. संपकरी कामगारांना या बायका कर्ज काढून जेवू घालतात, आणि संप मिटल्यावर कामगारांची थकबाकी मिळते पण या बायकांचं व्याज फिटत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. बायकांनी एकमेकींना जामीन राहून राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज घ्यायचं, अशी त्यांची योजना. आक्का काही वर्षांनी त्यात गेली. बँकेच्या कागदावर तिचं पूर्ण नाव लिहिलं गेलं. तोवर ते कुठल्याही वहीत, रेशनकार्ड सोडून, लिहिलेलं नव्हतं. दोन जामिनांची रीत तिला कुणी शिकवावी लागली नाही. ती तिने आयुष्यभर पडद्याआडून ऐकलेली होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार. सुरुवातीचे महिने खोली भरलेली होती, मग माणसं गावाला जाऊ लागली. त्या साली पहिल्यांदाच वर्गणी उलट्या दिशेने आली. गावाहून एसटीच्या टपावर तांदळाची, नाचणीची पोती कऱ्हाडमार्गे मुंबईला यायची. आयुष्यभर मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाललेल्या घरांनी पाठवलेली. वहीत तेव्हा रुपयांच्या जागी पायल्या लिहिल्या आहेत. खोलीचं भाडं भरलं माथाडी झालेल्या पोरांनी. १९६९ च्या कायद्याने त्यांना बोर्डाचं संरक्षण मिळालं होतं, आणि त्या लढ्याचे पुढारी अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले. एका पिढीचा आधार गिरणी होती, दुसरीचा पाटी झाली. मंडळ तेच राहिलं.

आज मंडळाची माणसं कोपरखैरणे, घणसोली, कामोठे अशी पांगली आहेत आणि फळा प्रत्येकाच्या खिशात आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, फोन बंद पडले. तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर एका मुलीने, जी मुंबईत नर्स आहे, वाडीवार घरांची यादी टाकली आणि खाली लिहिलं: ज्याला जे कळेल ते त्या घरापुढे लिहा, दुसरं काही टाकू नका. तिने तात्यांना पाहिलेलं नाही. यादीत बौद्धवाडी तिसऱ्या ओळीला होती.

तात्यांच्या ट्रंकेत सापडलेल्या वह्या चार. एकीला वाळवी लागलेली आहे. बाकी तिन्हींच्या प्रत्येक पानाचा मी फोटो काढून ठेवलाय आणि नायगावच्या खोलीच्या वह्यांचा शोध चालू आहे. तुमचं गाव पाटणचं असो, खेडचं, महाडचं, जुन्नरचं की चंदगडचं, तुमच्याही घरी माळ्यावर अशी चोपडी, पावतीपुस्तक, सभेच्या नोटिसा असतील. घर बदलताना त्या रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा, साल आणि गाव लिहून ठेवा, आणि जे वडीलधारे अजून आहेत त्यांच्याजवळ बसून प्रत्येक नाव कुणाचं ते विचारून घ्या. त्यांच्यानंतर ते सांगणारं कुणी नाही.